महिनाअखेर आनंद : निरंक

वजनमापे निरीक्षकांच्या कार्यालयात सोमवारी अकरा वाजता जे परिपत्रक आलं, त्यात चूक काढायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच निरीक्षकांना ते पहिल्या वाचनातच संशयास्पद वाटलं. विषय होता, 'कर्मचाऱ्यांमध्ये अस्सल सकारात्मक भावनांची जोपासना करणेबाबत.' प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज किमान तीन अस्सल आनंद अनुभवावेत, विहित नमुन्यात त्यांची नोंद करावी, दर आठवड्याला आकडा कळवावा आणि महिनाअखेर तीन प्रतींत अहवाल सादर करावा, असा एकूण मजकूर. शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढलेली होती : 'नोंदी खऱ्या असाव्यात. खोटी नोंद आढळल्यास संबंधितांवर कारवाई करण्यात येईल.'

हे शेवटचं वाक्य बाकीच्या कार्यालयाने वाचलंच नाही. सरकारी कागदाचं शेवटचं वाक्य वाचणारा माणूस प्रत्येक कार्यालयात एखादाच असतो, आणि बाकीचे त्याच्यापासून जरा लांब बसून डबा खातात. इथे तो माणूस म्हणजे निरीक्षक.

हेडक्लार्क कामाला वाघ माणूस. त्यांनी साडेबाराच्या आत महिनाभराच्या नव्वद आनंदांची यादी करून तिच्या प्रती काढल्या आणि टेबलाटेबलावर वाटल्या. 'सूर्योदय पाहून प्रसन्न वाटले.' 'लहान मुलाचे हास्य पाहून मन भरून आले.' 'वरिष्ठांचे मार्गदर्शन लाभले.' बावीस कर्मचाऱ्यांना महिनाभर रोज ठरावीक क्रमाने तेच तीन आनंद होणार होते. त्यात एक शिपाई होता, जो पाय मोडून रजेवर होता. त्यालाही गुरुवारी टेकडी चढून हर्ष होणार होता.

"साहेब, ही तुमची प्रत," हेडक्लार्क म्हणाले. "तारखा मी घातल्यात. तुम्ही सही तेवढी करा."

"पण हे खरं नाही."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय की," निरीक्षक म्हणाले, आणि कोरा नमुना घेऊन आपल्या खोलीत गेले.

यात निरीक्षकांचा हेकटपणा होता असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने किलो म्हणजे किलोच आहे ना हे पाहण्यात घालवली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची? निरीक्षकांच्या कपाटात मखमलीच्या पेटीत पितळेची प्रमाणित वजनं असत. ती ते रुमालाने पुसत, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही दिसे ते कुणा माणसाकडे बघताना कधी दिसलं नव्हतं. घरीही त्यांची नजर नेमकी कमतरतेवर जाई. पडदा आणला की तो दोन बोटं आखूड. पाहुणे आले की दहा मिनिटं उशिरा. लेक सहा वर्षांची असताना तिने सगळ्या घराचं चित्र काढून आणलं, तेव्हा निरीक्षकांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, "टेबलाला तीनच पाय आहेत." लेकीने चौथा पाय काढून दिला आणि चित्रं काढणं बंद केलं. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते, आणि फोन आईला करते.

त्याच संध्याकाळी घरात दुसरी बातमी वाट बघत होती. निरीक्षकांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर सोडून सगळं जग तिला बाई म्हणतं, त्यामुळे आपणही बाईच म्हणू. तर बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, शाळेत निरोपाचा समारंभ ठरला होता आणि घरच्यांपैकी एकाने दोन शब्द बोलावेत अशी मुख्याध्यापिकांची इच्छा होती. निरीक्षकांनी घसा खाकरला.

"लेक बोलणार आहे," बाई म्हणाल्या.

"मी का नाही?"

बाई वह्या तपासत होत्या. लाल पेन हातात तसंच धरून त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही काय बोलाल?"

निरीक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हेच की, एकतीस वर्षांत तू शाळेत एकदाही उशिरा गेली नाहीस."

"ते हजेरीपटात आहे. अहो, लग्नाला तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याबद्दल एक चांगला शब्द बोलला नाहीत. माझी तक्रार नाही, सवय झाली. पण आता चारचौघांत उसना शब्द आणून बोलू नका. पोरं निबंध उतरवून आणतात ना, ते मला पहिल्या ओळीला कळतं. तुमचंही कळेल. मग मला तिथे उभं राहवणार नाही."

असं म्हणून त्यांनी पुढची वही ओढली. निरीक्षक त्या दिवशी जेवणावर रुसले, पण दोनदा वाढून घेऊन. लागलं मात्र खरं. बाई रागाने बोलल्या असत्या तर निरीक्षकांनी त्यातली अतिशयोक्ती दाखवून दिली असती. त्या शांतपणे बोलल्या होत्या, आणि मापात बोलल्या होत्या.

म्हणून निरीक्षकांनी ठरवलं की महिनाभरात आपल्यात अस्सल भावना उगवून दाखवायची. एकदा ती तयार झाली की बाईंसमोर ठेवायची आणि समारंभात बोलायचा हक्क मागायचा. पद्धत कार्यालयाचीच. खिशात तपासणीची छोटी वही. खात्रीने झालेला, कारणासह सिद्ध झालेला आनंद पुढच्या पानांवर लिहायचा. नुसतंच बरं वाटलं, पण का वाटलं ते सांगता येत नाही, अशा नोंदी मागच्या पानांवर, 'अप्रमाणित' या मथळ्याखाली. एखादा काटा बरोबर दाखवतोय पण का बरोबर दाखवतोय ते कळत नाही, तर निरीक्षक त्यालाही असाच बाजूला काढून ठेवत. पहिल्या आठवड्यात पुढचं पान कोरं राहिलं, आणि निरीक्षकांनी कार्यालयात आकडा कळवला : 'निरंक.' म्हणजे सरकारी भाषेत भोपळा.

शेजाऱ्यांना हे कसं कळलं ते विचारू नका. आपल्या घरातलं शेजाऱ्यांना आपल्या आधी कळतं. समोरच्या घरातले निवृत्त प्राध्यापक मंगळवारी सकाळीच आले. त्यांनी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते वापरायला माणूस मिळत नव्हता.

"तुमची दिशाच उलटी आहे," ते म्हणाले. "भावना आतून बाहेर येत नाही. ती बाहेरून आत जाते. रोज आरशासमोर दहा मिनिटं हसा. चेहरा हसला की मन मागोमाग येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर वीस मिनिटं."

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत वेगळं होतं. "आरशात बघून काय होतंय? रोज एका माणसाचं तोंडावर, मनापासून कौतुक करायचं. मी करते. म्हणून तर माझ्याकडे सगळे येतात." काकूंकडे सगळे येतात ते त्यांच्याकडे शिवणयंत्र आहे म्हणून, हे निरीक्षकांच्या ओठांवर आलं होतं. पण सकारात्मक भावनांचा महिना असल्यामुळे त्यांनी ते गिळलं.

आरशाचा प्रयोग तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी बाईंनी न्हाणीघराचं दार उघडलं, आत नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "कुठली दाढ?"

पुढचं सगळं फार भरभर झालं. दंतवैद्यांनी विचारलं, "केव्हापासून दुखतंय?" निरीक्षक म्हणाले, "दुखत नाही. मी हसत होतो." दंतवैद्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "हे हसत नाहीत." एवढ्या वैद्यकीय इतिहासावर दंतवैद्यांनी तोंड उघडायला लावलं, आणि दुर्दैवाने आत डाव्या बाजूला एक किडलेली दाढ खरंच निघाली. ती काढली. डावा गाल लिंबाएवढा सुजला. आता निरीक्षकांना हसता येत होतं ते फक्त उजवीकडून.

वास्तविक अशा अवस्थेत माणसाने घरी पडून राहावं. पण महिना सरत होता, आणि काकूंचा उपाय शिल्लक होता. निरीक्षक बाजारातल्या किराणा दुकानात तपासणीला गेले. दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी सगळी वजनं ठेवून पाहिला. काटा चोख. एरवी निरीक्षक शिक्का मारून न बोलता निघून जात, आणि दुकानदार सुटकेचा श्वास सोडे. आज निरीक्षक थांबले. दुकानदाराच्या डोळ्यांत डोळे घालून, गालामुळे जरा घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "तुमचा काटा अतिशय सुंदर आहे." आणि उजवीकडून हसले.

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, काय चुकलं माझं?"

"काहीच नाही. मी समाधानी आहे."

"साहेब, लेकरंबाळं आहेत घरी."

"मला माहीत आहे," निरीक्षक आपुलकीने म्हणाले. दुकानदाराने हात जोडले.

मग त्यांनी भाजीवालीच्या वजनांचं कौतुक केलं. कापडवाल्याचा मीटर हातात घेऊन ते बराच वेळ त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिले. संध्याकाळपर्यंत तीन दुकानांची शटरं खाली आली. निरीक्षक काहीतरी भयंकर मनात धरून आहेत, अठ्ठावीस वर्षांत न हसलेला माणूस हसतोय म्हणजे वरून आदेश आलेला आहे, अशी कुजबुज झाली, आणि गुरुवारी सकाळी अख्खी बाजाराची ओळ बंद. कांद्यांसाठी लोकांना पलीकडच्या वस्तीपर्यंत चालत जावं लागलं. निरीक्षक आणि बाईही गेले. वरच्या काकू तर दोन खेपा करून आल्या आणि निरीक्षकांशी बोलेनाशा झाल्या. उपाय आपलाच होता हे त्या सोयीने विसरल्या.

शुक्रवारी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आठ जणांना घेऊन वरिष्ठांकडे गेले. सोमवारी निरीक्षकांच्या टेबलावर पत्र आलं : 'आपण बाजारात व्यापाऱ्यांकडे पाहून हसलात हे खरे आहे काय? असल्यास कोणत्या नियमान्वये?' निरीक्षकांनी परिपत्रकातल्या परिच्छेद दोनचा आधार देऊन उत्तर लिहिलं, आणि 'फक्त उजव्या बाजूने' अशी दुरुस्ती सुचवली. त्यावर बोलावणं आलं.

वरिष्ठ वयाने लहान होते आणि त्यांना दोन डोकेदुख्या होत्या. पहिली त्यांनी लगेच मिटवली. "परिपत्रकात आनंदी व्हायला सांगितलंय. बाजारात जाऊन व्हायला सांगितलेलं नाही. आज दुपारी जा आणि नेहमीसारखे वागा."

निरीक्षक गेले. किराणा दुकानदाराच्या काट्यावर धूळ होती. निरीक्षकांनी भुवया आवळल्या आणि त्याला पाच मिनिटं झाडलं. दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवासारखे आलात साहेब," तो म्हणाला, आणि पोऱ्याला न पाठवता स्वतः धावत जाऊन शेजारच्यांना सांगून आला. तासाभरात सगळी शटरं वर गेली.

दुसरी डोकेदुखी मात्र राहिली. "तुमचा पहिला आठवडा निरंक," वरिष्ठ संध्याकाळी परत बोलावून म्हणाले. "दुसरा निरंक. तिसरा निरंक. संगणक हे घेत नाही हो. आनंदाच्या रकान्यात तीनपेक्षा कमी आकडा घातला की तो बंद पडतो. तुमच्या एकट्यामुळे सगळ्या विभागाचा आनंद अडकलाय."

"झाला नाही तर लिहू कसा?"

"एकही नाही? खरंच?" वरिष्ठांचा आवाज जरा उतरला. स्वतःच्या यादीवर सही करताना त्यांनाही काही फार छान वाटलं नसावं.

"काही अप्रमाणित आहेत. पण कारण सापडत नाही."

"मग कारण शोधा. खुलासा पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर."

समारंभ त्याच्या आधीच्या शनिवारी, दुपारी चार वाजता होता. बोलायचा हक्क निरीक्षकांनी मागितला नाही. मागणार कशाच्या जोरावर? शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्यांना पहिलीच्या वर्गातली खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीपर्यंत आले होते, दाढेची जागा ठणकत होती, आणि शेजारी सकाळीच गावाहून आलेली लेक बसली होती. व्यासपीठावर बाई मधोमध बसल्या होत्या आणि समोरच्या पोरांना नजरेनेच गप्प करत होत्या. मुख्याध्यापिका बोलल्या, पालक बोलले, चौथीतल्या एका मुलीने बाईंवर आठ ओळी म्हटल्या आणि नववी विसरली. निरीक्षकांना सगळ्यांचा हेवा वाटला. त्यांनी खिशातून वही काढली आणि खुलाशासाठी मागची पानं उलटायला लागले. निदान ते काम तरी व्हावं.

लेकीने वाकून वाचलं. आधी सहज, मग मान आणखी वाकवून. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली आणि निरीक्षकांच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवून तिथूनच म्हणाली, "मी आईबद्दल नंतर बोलेन. बाबांनी एक अहवाल आणलाय. तो आधी ते वाचतील."

"अगं, हा अपुरा आहे," निरीक्षक पुटपुटले.

"बाबा, जा तुम्ही. टेबलाला पाय किती आहेत ते मी नाही मोजणार."

निरीक्षकांना त्या खुर्चीतून दोघांनी ओढून काढलं. ते माइकसमोर उभे राहिले. बाईंच्या चेहऱ्यावर काळजी होती. उसना निबंध आता सुरू होणार अशी. पण निरीक्षकांना भाषण येतच नव्हतं. अहवाल वाचायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी अहवाल वाचला, कार्यालयातल्या आवाजात.

"अप्रमाणित नोंदी. एकूण अकरा. नोंद एक. सकाळी सहा चाळीस, खिडकीपाशी. चहा. कपावर नेहमीप्रमाणे बशी झाकलेली. बरं वाटलं. कारण अस्पष्ट. चहा तपासला, साखर कमी होती."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं.

"नोंद चार. दंतवैद्यांच्या दवाखान्याबाहेरचं बाकडं. माझा चष्मा आणि पाकीट कुणीतरी मांडीवर धरून दीड तास बसलं होतं. बाहेर येताच बरं वाटलं. दाढ काढल्यावर लगेच बरं वाटणं वैद्यकीयदृष्ट्या शक्य नाही. कारण अस्पष्ट.

"नोंद सात. संध्याकाळी सात दहा, बाहेरची खोली. शाळेतून तपासायला आणलेल्या वहीतलं एक उत्तर मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. प्रश्न, गाय दूध का देते. उत्तर, तिला नाही म्हणता येत नाही. वाचणारी व्यक्ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उत्तर चूक आहे. तरी बरं वाटलं."

आता सगळं सभागृह हसत होतं. निरीक्षक हसण्यासाठी थांबले नाहीत, कारण त्यांना ते विनोदी वाटलं नव्हतं.

"नोंद नऊ. बाजार बंद असल्यामुळे कांदे आणायला पलीकडच्या वस्तीत पायी. येताना पिशवीचा एक बंद माझ्या हातात, एक दुसऱ्या व्यक्तीच्या. पिशवी रिकामी असल्यासारखी वाटत होती. घरी येऊन तोलली. पाच किलो दोनशे ग्रॅम. वजनात घट नाही. कारण..."

इथे निरीक्षक अडले. त्यांनी पान मागे उलटलं. एक. चार. सात. पुन्हा नऊ. बिघडलेल्या काट्याचं कारण त्यांना आजवर शेकडो वेळा सापडलं होतं, पण असं माइकसमोर, अडीचशे माणसांच्या देखत कधी सापडलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"या सर्व नोंदींच्या वेळी," ते हळू म्हणाले, "एकच व्यक्ती हजर होती. प्रत्येक वेळी. ते नोंदवायचं राहून गेलं." त्यांचा आवाज फुटला, आणि या वेळी त्यात गालाचा दोष नव्हता. "फक्त या महिन्यात नव्हे. तीस वर्षं राहून गेलं. चूक माझी आहे."

आणि ते खाली आले. टाळ्या खूप झाल्या, त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत. ते बाईंकडे बघत होते. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग मुख्याध्यापिकांकडे वळून म्हणाल्या, "साखर बरोबर होती."

घरी आल्यावर बाईंनी चहा टाकायच्या आधी हात पुढे केला. "वही द्या."

निरीक्षकांनी दिली. बाई टेबलाशी बसल्या आणि लाल पेन काढून पहिल्या नोंदीपासून वाचू लागल्या. प्रत्येक 'कारण अस्पष्ट' पुढे त्यांनी एक बरोबरची खूण केली. साखरेखाली दोन रेघा मारल्या. शेवटी पानाच्या तळाशी 'तपासले' असं लिहून सही केली, तारीख घातली आणि वही मिटली. लेक दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "उतरवलेलं नाही."

सोमवारी निरीक्षकांनी त्याच पानांच्या तीन प्रती काढून अहवाल म्हणून सादर केल्या. अकरा आनंद. संगणकाने बिनतक्रार घेतले. कागद पुढे पाठवण्याआधी हेडक्लार्कनी सवयीने शेवटच्या पानावर नजर टाकली आणि त्यांना जन्मात न मिळालेली संधी मिळाली.

"साहेब, खाली बाईंच्या सहीपाशी तारीख चुकलीय. समारंभ शनिवारी होता ना? इथे शुक्रवारची पडलीय."

"माहीत आहे," निरीक्षक म्हणाले. "तेव्हाच दिसली होती."

"मग?"

"असू दे."

हेडक्लार्कनी खुर्ची ओढली आणि खाली बसले.